विहिरीचा आकडा

दोर वर आला तेव्हा त्याचा ओला भाग पाच हातही भरला नाही. त्रिंबकने पुन्हा मोजला. पाच हातांना चार बोटं कमी. काल सहा होता. दोराच्या टोकाचा दगड त्याने कठड्यावर ठेवला आणि कोणी बघत तर नाही ना, म्हणून चारी बाजूंना पाहिलं.

विहीर त्याचीच. दौलताबादच्या रस्त्याकडेची ही जमीन कधीकाळी त्याच्या मेंढरांची बसायची जागा होती. शहर वाढत वाढत इथवर आलं, जमिनीचे प्लॉट पडले, तीस घरं उभी राहिली, पण नळ काही आला नाही. मग त्रिंबकने विहीर सगळ्यांना मोकळी केली. तीस घरांचे तीस पाइप आत सुटले. प्रत्येकाला रोज वीस मिनिटांची पाळी, आणि पाळीचा कारभारी त्रिंबक. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. आजूबाजूचे बोअर कोरडे ठाक पडले होते, तरी ही विहीर टिकून होती. दुभत्या जनावरासारखा तो तिला जपायचा.

भीती एकाच गोष्टीची होती. पाणी चार हातांच्या खाली गेलं की मोटारी गाळ ओढणार, आणि गाळाने झरा एकदा बुजला की विहीर कायमची गेली. पावसाला अजून महिना होता. रोज चार बोटं पाणी उतरायचं. त्या हिशेबाने निभलं असतं.

गेल्या सोमवारी मात्र पाणी एका दिवसात अर्धा हात उतरलं. आदल्या दिवशी आखितीचा सण होता, घराघरांत लेकीबाळी आल्या होत्या. हे त्रिंबकला कळत नव्हतं असं नाही. पण डोक्यात संशयाचा किडा शिरला की सरळ कारण कोणाला पुरतं? कोणीतरी पाणी चोरतंय, हे त्याने ठरवूनच टाकलं.

तोवर त्याचा एक रिवाज होता. रोज सकाळी सहाला दोर मोजायचा आणि वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या घोगऱ्या आवाजात सांगायचं, "आज पाणी नऊ हात. जपून वापरा." दोन उन्हाळ्यांत एक दिवस चुकला नव्हता. मंगळवारपासून त्याने ते बंद केलं. मेंढरू चोरीला गेलं की बोंब मारायची नाही, गप्प राहून माग काढायचा, हे तो बापाकडून शिकला होता. चोराला आकडा कळला तर चोर सावध होणार. ग्रुपवर कोणीतरी विचारलंही, "आबा, आजचा आकडा?" त्याने उत्तर दिलं नाही. नात सृष्टीने विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

पण झालं भलतंच. बुधवारी पाणी हातभर उतरलं, गुरुवारी त्याहून जास्त. तो दिवसभर कडुनिंबाखाली बसून घड्याळ आणि मोटारी बघत राहिला. पाळी सोडून कोणी मोटार लावली नाही. त्यामुळे तर त्याचा संशय जास्तच पिकला. चोर बेरकी दिसतोय, तो मनाशी म्हणाला. एकेक घर मनातल्या मनात तपासत तो शेवटच्या घरापाशी थांबला. राजेंद्रचं घर, दारावर पंचशील लिहिलेलं. त्याच घरावर का थांबलो, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

आज शुक्रवार. दोर टाकून तो तडक तिथे गेला. राजेंद्र कामावर गेला होता. दार त्याच्या बायकोने, विशाखाने उघडलं.

"तुमची टाकी बघायचीय," त्रिंबक म्हणाला.

विशाखाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. कशासाठी, ते तिला कळलं. "चला," एवढंच म्हणून ती जिना चढायला लागली.

गच्चीवर त्याने टाकीचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ. शेजारी दोन पिंपं, तीही भरलेली, वर जुनी साडी बांधलेली.

"घावली का नाय चोरी!" तो ओरडला.

"चोरी कसली, आबा? पाळीच्या वीस मिनिटांवर एक मिनिट मोटार लावली नाय आमी." तिची नजर खाली गेली नाही. "आधी धाच मिनिटं घेत होतो. समदेच तेवढी घेत होते. चोर बघायचे असतील तर तिकडं बी बघा."

तिने हात केला तिकडे त्याने पाहिलं. सर्जेरावच्या गच्चीवर निळी पिंपं. बद्रीनाथकडे नवीकोरी काळी टाकी. पलीकडे घंगाळी, बादल्या, पोरांच्या आंघोळीचे टब. एकही गच्ची रिकामी नव्हती. विहिरीतलं पाणी घराघरांवर ऊन खात उभं होतं. आणि खाली त्याच्या स्वतःच्या अंगणात त्याची बायको आक्काबाई भरलेल्या पिंपावर फळी सरकवत होती.

त्रिंबकने टाकीचं झाकण परत बसवलं.

"सोमवारपातूर कुणी एक हंडा जास्त घेत नव्हतं," तो पुटपुटला. "असं एकाएकी झालं तरी काय?"

"पाणी रोज उतरत होतं, आबा, पण तुमी सांगत होता, म्हनून कुणी भीत नव्हतं," विशाखा म्हणाली. "मंगळवारी तुमचा आवाज आला नाय, अन् समद्यांना वाटलं, पाणी संपलं."