पायी जाता येईल अशी खोली

"याले जिना किती पायऱ्यांचा हाय, ते पाय," हर्षाचे बाबा टिकाराम म्हणाले.

हर्षाने फोटो मोठा केला. इटलीतल्या तुरीन शहरातली ही सातवी खोली. एका म्हातारीचं घर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या, सकाळचा नाश्ता धरून. चौथा मजला, लिफ्ट नाही. बाबांच्या गुडघ्यांनी ती जागच्या जागी नापास केली. आधीच्या घरी नाश्त्याला नुसता केक होता आणि त्यात अंडं असते का, हे मालकिणीला विचार म्हणून बाबा अडून बसले होते. एरवी हर्षा हसून लोळली असती.

तिकिटं दोन महिन्यांपूर्वीच काढली होती, तुरीनला राहणाऱ्या रंजिताताईच्या बाळंतपणासाठी. मागच्या सोमवारी आठव्या महिन्यातच सगळं आटोपलं. मुलगी झाली आणि तासाभरात गेली. तेव्हापासून इकडे गावी, कोंढ्याच्या घरात आई बॅग भरत नव्हती, उपसत होती. आधी दुपटी निघाली, मग झबली, मग टोपडी.

जायचं तर होतंच. फक्त बाबांना आता खोली हवी झाली. लेकीला लेकरू होईस्तोवर बापाने तिच्या घरचं खायचं नाही, मुक्काम करायचा नाही. आजोबांनी हे पाळलं, म्हणून बाबांनीही पाळलं. ताई पुण्याला होती तेव्हा तर ते तिच्या दारातूनच परत आले होते.

"दूरची नको पाहू. सकाळी उठून तिच्याकडे पायी जाता आलं पायजे."

एवढंच वाटते तर तिच्याच घरी काहून नाही राहत, असं हर्षाने विचारलं. बाबांना असं तोंडावर विचारायची ही तिची पहिलीच वेळ. ते चिडले नाहीत. नेम मोडला आणि पुढच्या खेपेला पोरीला काही झालं तर, एवढंच पुटपुटले.

तेवढ्यात ताईचाच व्हिडिओ कॉल आला. हर्षाने काही लपवलं नाही. खोली शोधून राहिलो, बाबा तुझ्याकडे थांबणार नाहीत, असं सरळ सांगून टाकलं. तिकडे दुपार होती. खिडकीतलं ऊन तिच्या अर्ध्याच चेहऱ्यावर पडलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मले लेकरू झालं नं. तासभर होती पोरगी. माझ्या कुशीत होती."

आई हातातलं टोपडं घेऊन दारातच थांबली. बाबांनी मोबाईल स्वतःकडे घेतला आणि नेहमीसारखा इतका जवळ धरला, की ताईला त्यांचं नुसतं कपाळच दिसत असेल.

"खोली नाही पायजे आता," ते म्हणाले. "नाव काय ठेवलं होतं बाई तिचं?"