रिझवानचं वय

"इसका उमर कितना?" लेबर ऑफिसरने विचारलं आणि हमीदभाईच्या हातातला काकडीचा क्रेट धाडकन खाली आला.

"चौबीस, सर. पासपोर्ट है ना!"

दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या त्या फार्मवर हमीदभाई सुपरवायझर. मूळचा श्रीवर्धनचा. अरब मालक कधीमधी तोंड दाखवायचा, बाकी सगळं राज्य हमीदभाईचं. मजुरांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात.

ऑफिसरने पासपोर्ट पाहिला, मग रिझवानकडे पाहिलं. जेमतेम पाच फूट उंची, ओठावर लव नाही, पाठीवर औषध फवारायचा पंप.

"हमको फोन आया. बोला, इधर छोटा बच्चा काम करता है."

"कोई जलता है हमसे, सर."

"तुम चुप. ए, तू बोल. उमर?"

रिझवानने हमीदभाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सोलह."

हमीदभाईच्या पायाखालची वाळूच सरकली. मनातल्या मनात त्याने भिकाजीला आईवरून शिवी घातली. भिकाजी हा माणगावचा एजंट. कोवळ्या पोरांची वयं वाढवून पासपोर्ट काढणं हा त्याचा धंदाच. मागच्या खेपेची दोन्ही पोरं तशीच आली होती आणि हमीदभाईने डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. पोरं बरी पडतात. राबतात आणि उलट बोलत नाहीत. हाही मेला त्यातलाच निघाला!

"कल सुबह हॉस्पिटल लाओ," ऑफिसर म्हणाला. "हड्डी का एक्स-रे होगा. अठारह से कम निकला, तो तुम जेल में. समझा?"

गाडी गेली तशी हमीदभाईने रिझवानची कॉलर धरली.

"हरामखोर, भिकाजीने पढवलं नाही तुला, काय सांगायचं ते?"

"खोटं बोलायची भीती वाटली, हमीदभाई."

"आणि आता मी खडी फोडायला जाऊ?"

"मला घरी पाठवा. कधीपासून मागतोय. कुबराच्या काळजाचं ऑपरेशन आहे. सारखी माझं नाव घेते."

पहिल्यांदा रजा मागितली तेव्हा हमीदभाई हसला होता. काकडीचा सीझन आणि याला रजा! "तू काय डॉक्टर लागून गेलास?" असं त्याने विचारलं होतं. रिझवान पाया पडला, रडला, जेवण सोडलं. मजुरांसाठीच्या सरकारी नंबरावर फोनसुद्धा करून पाहिला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, रजेचं तुमच्या मालकाशी बोला. कुबरा जगते की मरते, कोणाला काय त्याचं!

आज मात्र हमीदभाईने स्वतःच ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला. पोरगाच इथे नसेल तर एक्स-रे काढणार कोणाचा? रजेवर गेला म्हणायचं. खलास!

"आज संध्याकाळची शारजा-मुंबई. किती? आठशे दिरहम? म्हणजे वीस हजार रुपये झाले की रे! बरं बरं, कर बुक. यल्ला!"

एअरपोर्टच्या दारात पासपोर्ट हातावर ठेवताना त्याचा आवाज जरा मऊ झाला. कितीही झालं तरी माणूसच तो.

"परत तोंड दाखवू नकोस इथे. शाळेत जा. हे काय वय आहे तुझं?"

"जी, हमीदभाई."

आत जाऊन रिझवानने घरी फोन लावला. शहनाझने उचलला.

"सुटलो. उद्या सकाळी हॉस्पिटलात पोचतो."

"या अल्ला! सोडलं कसं त्यांनी?"

"त्या नंबरावर परत फोन केला. या वेळी रजेचं नाही काढलं." त्याने डोळे पुसले. "कुबराला दे."

पलीकडून बारीक, धाप लागलेला आवाज आला.

"अब्बा, तुम्ही खरंच येताय?"