सलूनमधल्या वहिनी

ती दारात आली आणि अख्खं सलून उठून उभं राहिलं.

नवऱ्याच्या दुकानात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. पुरुषांच्या सलूनमध्ये बायकांचं काय काम, असं तो म्हणायचा. म्हणजे बहुधा म्हणाला असता. तो फारसं काही म्हणायचाच नाही. शोकसभा इथेच घ्यायची हा गिऱ्हाइकांचा हट्ट होता. मुलाने तिला फिरत्या खुर्चीत बसवलं. पुढे आरसा, मागे आरसा, त्यामुळे माणसं होती त्याच्या चौपट दिसत होती आणि दुःखही तेवढंच भरगच्च वाटत होतं.

सुरुवात टकलूशेठनी केली. डोक्यावरचा शेवटचा केस जाऊन जमाना झाला होता, तरी दर रविवारी पहिला नंबर त्यांचाच.

"मी काय केसांसाठी यायचो?" ते म्हणाले. "दादांच्या गप्पांसाठी यायचो. काय बोलायचा माणूस! कात्री थांबेल, पण तोंड थांबायचं नाही."

आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आलो की काय, असं तिला वाटलं. तिने फोटोकडे पाहिलं. फोटो नवऱ्याचाच होता. तोंड मिटलेलं.

हे मिटलेलं तोंड तिने चाळीस वर्षं जपलं होतं. माणूस मुळातच अबोल, त्यात दिवसभर उभा राहून दमतो, म्हणून मुलांना दटावलं, नातीला खेळायला शेजारी पिटाळलं, स्वतःच्या जिभेवर आलेलं तर रोजच गिळलं. चुकून काही बोललीच, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "हं."

"वहिनींचा बाजारातला किस्सा होऊन जाऊ दे!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि किस्सा सुरू व्हायच्या आधीच सलूनभर खसखस पिकली.

चष्म्याचा दुकानदार पुढे सरसावला. "दादांनी एका गिऱ्हाइकाचे केस कापले अगदी स्वतःसारखे. वहिनींना तो बाजारात दिसला, पाठमोरा. मग काय, जो झाप झाप झापलाय! 'दूध कुठाय? इथे काय झोपा काढताय?' बिचाऱ्याची मागे वळून बघायची छाती होईना. निमूट जाऊन दूध घेऊन आला!"

टकलूशेठ हसता हसता खोकायला लागले.

"दूध सांडलं ते राहिलं काका!" नात ओरडली. "आजोबा सांडूनसुद्धा दाखवायचे."

तिने मुलाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"आई, इथे सगळ्यांनाच माहीत आहे."

दूध कुठलं आणि झापणं कुठलं? गर्दीत नवरा समजून तिने परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला होता, एवढंच. तो वळला, तशी ती भाजी न घेताच परतली होती. घरी येऊन तिने ते नवऱ्याला रडत रडत सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला होता आणि जेवत राहिला होता. त्याने सगळं नीट ऐकलं होतं, हे तिला आज कळत होतं.

"वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला," टकलूशेठ म्हणाले.

ती खुर्चीतून उठली. सगळ्या आरशांतून सगळे तिच्याकडे बघत होते, आशेने.

"चाळीस वर्षांत हे माझ्याशी कधी धड बोलले नाहीत," ती म्हणाली.

मग असा हशा उसळला की रस्त्यावरचे दोघे-तिघे आत डोकावले. चष्मेवाल्याने पोट धरलं. टकलूशेठनी डोळे पुसले. "दादा सांगायचे अगदी तश्शाच आहात हो वहिनी!"

"खरंच सांगते," ती म्हणाली. "घरी ते गप्पच असायचे."

दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता. मुलगाही हसला.

ती परत खुर्चीत बसली. नात खुर्चीच्या हातावर चढली आणि कौतुकाने तिच्याकडे बघत राहिली.

"आजी, तुला पण इतकं छान बोलता येतं? मग तू घरी का गप्प असतेस?"