तक्रारपेटी

कॉलेजात शिकवताना बायको कोसळली आणि गेली, असा फोन आला तेव्हा मी घरी तिच्याविरुद्ध तक्रारच लिहीत होतो: "आमटीत मीठ नाही."

ती प्रोग्रामिंग शिकवायची. माझ्या कुरकुरीला कंटाळून तिने घरच्या कॉम्प्युटरवर मला तक्रारपेटी करून दिली होती. नऊ वर्षं मी काहीही लिहिलं तरी पेटीचं उत्तर एकच: "नमुन्यात बसत नाही. पुन्हा लिहा." नमुना विचारला की ती म्हणायची, "शोधा की! एवढे हुशार आहात ना?"

तेराव्यानंतर लेकीने प्रोग्राम उघडला आणि रडता रडता हसायलाच लागली.

"बाबा, तक्रारीची सुरुवात 'तुझंच बरोबर' अशी हवी. पुढे काहीही चालतं. नऊ वर्षांत तुम्ही एकदाही तसं लिहिलं नाहीत?"

"आमटीत मीठ नव्हतंच गं," मी म्हणालो. मग मलाही हसू आवरेना.

"जुळलं की आईचं वेगळं उत्तर येतं. वाचून दाखवू?"

"नको."

तिच्याकडून मला मिळायचं एवढं एकच उत्तर उरलं आहे. ते दोन शब्द मी अजून लिहिलेले नाहीत.