काचेआडचा टाक

भर दुपारी रंगुबाई डोक्यावर दुरडी घेऊनच संग्रहालयात शिरली. पहारेकरी शिट्टी वाजवत मागं धावला. पण उभा जन्म मेंढरांमागं माळ तुडवलेली बाई, शिट्टीला काय भीक घालणार! चांदीच्या टाकांच्या कपाटापुढं तिनं दुरडी उतरवली.

गलका ऐकून संचालक डॉ. संयोगिताबाई खाली आल्या.

"काच उघडा, बाई. आज सर्वपित्री हाय. माझा अमृत उपाशी हाय."

संयोगिताबाईंनी तिला ओळखलं.

अमृत हा रंगुबाईचा गेलेला लेक. घरच्या रीतीनं तिनं त्याचा टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, देव्हाऱ्यात बसवला होता. दिवसभर त्याच्याशीच बोलायची, अन्नाला शिवायची नाही. संयोगिताबाई तेव्हा साताऱ्यात मानसशास्त्रज्ञ होत्या. त्याच म्हणाल्या होत्या, "टाक माझ्याकडं राहू दे. बरं वाटलं की घेऊन जा."

रंगुबाई बरी झाली. तोवर बाई विद्यापीठात गेल्या, पुढं कुलगुरू झाल्या. टाक या खणातून त्या खणात फिरला आणि सांगलीत संग्रहालय हाती आलं तेव्हा काचेत जाऊन बसला. एवढी शिकलीसवरलेली बाई, पण दुसऱ्याचं परत करायचं भान काही राहिलं नाही.

"लय हुडकत आले बगा," रंगुबाई म्हणाली. "सपनात येतोय. बोलत न्हाई. नुसता ताटाकडं बगतोय."

हे मनाचे खेळ असतात, असं बाईंनी आजवर किती आयांना समजावलं होतं. आज मात्र त्यांनी किल्ली मागवली.

रंगुबाईनं टाक पदरानं पुसला. पुढं भात, खीर, वडा वाढला. "जेव रं माझ्या लेकरा," म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"घरी न्या त्याला," संयोगिताबाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. कागदांचं मी बघते."

रंगुबाईनं टाक पदराच्या गाठीत बांधला. जाता जाता तिची नजर कपाटाकडं गेली. आत ओळीनं टाक मांडलेले होते. सगळे सराफांच्या मोडीतून आणलेले. कुणाच्या घरचे, कुठल्या गावचे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आन् ह्यास्नी कोन वाढतंय, बाई?"

"कुणीच नाही," संयोगिताबाई म्हणाल्या, पण अगदी दबक्या आवाजात, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.