दातांनी वाजवलेली घंटा

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ही घंटा मी दातांनी वाजवली आहे," म्हातारा घंटावाला पाहुण्यांना म्हणाला. परक्या राजवटीत बांधलेल्या त्या समुद्रकाठच्या कॅथेड्रलमध्ये जुना रिवाज होता: वादळात किनारा दिसेनासा झाला की मनोऱ्यातली घंटा वाजवायची आणि होड्यांनी आवाजाच्या रोखाने परतायचं.

"हात सोलवटले, तेव्हा दोर दातांत धरला. हे बघा, चार दात त्यातच गेले." त्याने बोळकं उघडून दाखवलं. लोक हसले. "बारा होड्या गेल्या होत्या, बाराच्या बारा परत आल्या. शेवटची माझ्या लेकाची. उतरल्या उतरल्या म्हणतो कसा, बाबा, पुरे आता, कान किटले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या की म्हाताऱ्याला दोन घास जास्त जात.

जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची सून दाराशी उभी होती. एरवी ती डबा ठेवून निमूट निघून जाई.

"मामंजी," ती म्हणाली, "ह्यांची होडी बुडेपर्यंत मी धक्क्यावर कान लावून उभी होते. घंटा वाजलीच नाही."