तिसऱ्या मजल्यावरची टोपली

"निवृत्तीआधीच फंड काढलात, तर म्हातारपणी खाणार काय?" साहेबांनी विचारलं, तरी कारखान्यात लेथ मशीन चालवणाऱ्या काकांनी अर्जावर सही ठोकलीच. बायकोचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले; तिसऱ्या मजल्यावरून ती कित्येक महिने खाली उतरली नव्हती. रोज संध्याकाळी ती खिडकीतून दोरीने टोपली सोडायची, काका तिच्यात डबा, भाजी टाकून हात हलवत जिना चढायचे. फंडातून ऑपरेशन झालं, ती घरात चालू लागली, पण टोपलीचा शिरस्ता मोडला नाही. आज मात्र काकांनी खालून कितीही हाका मारल्या, टोपली येईना. त्यांनी मान वर करून पुन्हा हाक दिली. "अगं, ऐकतेस ना?" "अहो, वर कुणाला बोलावताय?" पाठीमागून उत्तर आलं. बायको उभी होती, घामाघूम, काठीशिवाय, टोपली काखोटीला मारून! तिने टोपलीतला पेरू त्यांच्या हातावर ठेवला. "साहेबांना सांगा, म्हातारपणी पेरू खाणार. बायको आणून देणार."